सोडलेलं गाणं

अल्फारेटा, जॉर्जिया
१० मार्च २००२

शंतनू,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे रागवायला मी मोकळी.

परवा नागपूरहून तुझ्या आईचा फोन होता. अर्धा तास नुसती रडत होती. म्हटलं, तुला काही झालं की काय. शेवटी कळलं ते इतकंच, की मेलबर्नला पूल बांधायचं शिक्षण घ्यायला गेलेला आमचा भाचा एका बँडमध्ये पेटी वाजवतो, आणि तो बँड सरकारी कचेऱ्यांसमोर उभा राहून सरकारलाच चार शब्द सुनावतो. "सुहास, तू भूल देणारी डॉक्टर ना, मग तूच त्याला शुद्धीवर आण," म्हणाली. अगं ताई, माझे पेशंट निदान टेबलावर पडून राहतात!

तर ऐक. तू तिथे स्टुडंट व्हिसावर आहेस. त्यांना काही कारण लागणार नाही, सरळ विमानात बसवून देतील. इथे सप्टेंबरपासून आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक दोनदा बघतात. मागच्या आठवड्यात दुकानाच्या पार्किंगमध्ये एक जण तुझ्या प्रल्हादकाकांना "गो होम" म्हणून ओरडला. हे शांतपणे म्हणाले, "घरीच चाललोय, दूध घ्यायला आलो होतो." ते हसण्यावारी नेतात. मला नाही जमत. आमच्या मिहीरनं तर आपल्या गाडीला एवढा मोठा अमेरिकेचा झेंडा लावला आहे. अठरा वर्षांचा घोडा झाला, पण त्याला वाटतं झेंडा लावला की सगळे ओळखतील आपण कोण.

त्या बँडचं नाव म्हणे 'रस्टी गेट'. गंजकं फाटक! दुसरं काही सुचलं नाही का रे? सविस्तर लिही. ईमेल नको, मला मराठी टाइप करता येत नाही आणि तुझं रोमन लिपीतलं मराठी वाचून डोळे दुखतात.

मावशी

*

मेलबर्न
२ एप्रिल २००२

मावशी,

वाकून नमस्कार. वाकलेला आहे तोवर दोन धपाटेही घालून घे.

डिग्री पूर्ण करणार आहे, हे पहिलं. आईला तेवढं सांग.

आता फाटकाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी इथल्या बंदरावर मोठा संप झाला. कॉलिन तिथे क्रेन चालवायचा. मॉरीन जवळच्या शाळेत इतिहास शिकवायची, ती रोज शाळा सुटली की संपवाल्यांसाठी सूप घेऊन यायची आणि बंदराच्या बंद फाटकापाशी बँजो वाजवत बसायची. कॉलिननं घरून अ‍ॅकॉर्डियन आणलं. तो बँड. नाव त्या फाटकाचंच, खरोखर गंजलेलं आहे.

मी त्यांना कसा सापडलो? कॉलिन माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. एका रविवारी मी पेटी काढून बसलो होतो, तर त्यानं भिंतीवर थापा मारल्या. मला वाटलं आवाजाची तक्रार, म्हणून बंद केली. पाच मिनिटांनी हा दारात, गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. म्हणाला, "थांबलास का?"

गेल्या ऑगस्टमध्ये निर्वासितांनी भरलेलं एक जहाज सरकारनं किनाऱ्याला लागू दिलं नाही, तू वाचलं असशील. तेव्हापासून आम्ही त्यावर गातो. जानेवारीत व्हॅन घेऊन वाळवंटात गेलो होतो, तिथे अशा लोकांना तारांच्या कुंपणात ठेवलं आहे. कुंपणाबाहेर उभे राहून वाजवलं. आतून लोक ताटल्या बडवून ठेका देत होते. मावशी, मला तिथे रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

मॉरीनचा एकच नियम आहे: जे खरं असेल ते स्टेजवर सांगायचं, नावानिशी. कॉलिनच्या भावाला नोकरीवरून काढलं, सांगितलं. मॉरीनचा घटस्फोट झाला, तोही सांगितला. माझ्या व्हिसाचं तेवढं अजून सांगितलेलं नाही, मी हात जोडून विनवलं म्हणून.

मिहीरला म्हणावं, झेंडा लाव, पण सीट बेल्टही लाव.

तुझा
शंतनू

*

अल्फारेटा
२६ फेब्रुवारी २००५

शंतनू,

किती दिवसांनी पेन हातात घेते आहे! तुला डिग्री मिळाली, तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, दिवसा पुलांचं काम आणि संध्याकाळी फाटक, हे सगळं ताईकडून कळत असतं. ती आता रडत नाही. शेजारणींना तुमची सीडी दाखवते म्हणे.

सीडी मीही ऐकली, हॉस्पिटलला जाताना गाडीत. ते शेवटचं गाणं कोणाचं? सैन्यातून मुलाचे बूट परत येतात आणि त्याची आई दर रविवारी ते पॉलिश करते, ते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घ्यावी लागली. सुरुवातीला तुझ्या पेटीचा तो एकच स्वर धरलेला आहे ना, तो छातीत जाऊन बसतो. मॉरीनबाईंना सांग, मला राजकारण कळत नाही आणि इराकची लढाई बरोबर की चूक यावर मी महाराष्ट्र मंडळात तोंड उघडत नाही, पण गाणं खरं आहे.

आता आमच्याकडची बातमी. मिहीर आर्मीत गेला. कॉलेज मध्येच सोडून, सही करून आला आणि मग आम्हाला सांगितलं. मेडिक होणार, म्हणजे जखमी सैनिकांना जागेवरच उपचार देणारा. मला म्हणतो, "मॉम, इट्स कायंडा व्हॉट यू डू." मी एअर कंडिशन्ड थिएटरात उभी असते रे बाळा, म्हटलं. काका दोन दिवस धुमसत होते, मग जाऊन त्याला चांगले मोजे घेऊन आले.

नागपूरला कळवू नकोस. ट्रेनिंगला गेला आहे, एवढंच सांगितलं आहे.

मावशी

*

अल्फारेटा
८ ऑक्टोबर २००६

शंतनू,

मिहीर गेल्या महिन्यात इराकला गेला. वर्षभरासाठी.

फोन करत नाही, कारण फोन मोकळा ठेवावा लागतो. तो केव्हाही करतो, आणि नाही लागला तर पुन्हा त्याचा नंबर लागायला आठवडा जातो. वाईट बातमी फोनवर येत नाही, हे एव्हाना मला माहीत झालं आहे. ती दारात येते, युनिफॉर्ममधली दोन माणसं बेल वाजवतात. मी काकांना सांगून बेलची वायर काढून ठेवली. हसलास? मीही हसले असते. तीस वर्षं माणसांचे श्वास सांभाळते आहे, आणि बेलला घाबरते.

आता जे लिहिते ते नीट वाच. माझे वडील आजारी होते तेव्हा माझ्या आईनं दूध सोडलं होतं, ते बरे होईपर्यंत. मी तेव्हा मेडिकलला होते, तिला खूप चिडवलं. काशीला जाऊन लोक आवडती भाजी सोडून येतात, त्यांनाही मी हसत आले. आणि आता, शंतनू, मिहीर परत येईपर्यंत मी चहा सोडला आहे. पण चहा सोडून माझं डोकं दुखतं, इतकंच. त्यानं मन भरत नाही. सोडायचं तर सोडणाऱ्याला जड गेलं पाहिजे.

तू त्याचा भाऊ आहेस. तुझ्याकडून मी एक मागते. ते बुटांचं गाणं तू सोड. मिहीर घरी येईपर्यंत वाजवू नकोस. ते खोटं आहे म्हणून मी हे म्हणत नाही. खरं आहे म्हणूनच भीती वाटते. तुझ्या हातानं ते वाजतं आणि माझा मुलगा तिकडे आहे, हे दोन्ही एकदम माझ्या डोक्यात मावत नाही.

आणि बँडला कारण सांगू नकोस. तुमच्या मॉरीनबाई स्टेजवरून मिहीरचं नाव घेतील. मी ते सहन करणार नाही.

मावशी

*

मेलबर्न
३० ऑक्टोबर २००६

मावशी,

सोडलं.

मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुलाही नाही, तरी सोडलं. मिहीर मला अधूनमधून ईमेल करतो. ठीक आहे, जोक्स मारतो. तू पाठवलेले लाडू वितळून त्यांचा एकच मोठा दगड झाला आणि सगळ्या पलटणीनं तो चाकूनं कापून खाल्ला, असं लिहिलं आहे.

बँडचं मी बघतो. त्या गाण्याच्या वेळी तार तुटली, भाता सटकला, असं काहीतरी म्हणून आत जातो. कॉलिन अ‍ॅकॉर्डियनवर माझा स्वर भरून काढतो. बूट दर कार्यक्रमात होतातच असं नाही. एक वर्ष निघून जाईल.

शंतनू

*

अल्फारेटा
२० एप्रिल २००७

शंतनू,

तू पेपरात वाचलंच असशील. वर्षाचे पंधरा महिने केले. सगळ्यांचेच. सप्टेंबरमध्ये येणारा माणूस आता डिसेंबरमध्ये येणार.

मिहीर फोनवर म्हणाला, "इट्स फाइन, मॉम." मीही म्हटलं, इट्स फाइन. त्याच्याशी बोलताना मी नेहमी छान आवाज काढते. ऑपरेशनआधी पेशंटशी बोलते तोच. त्याला कळता कामा नये. आई घाबरली आहे हे कळलं तर त्याचे हात कापतील, आणि त्या हातांवर तिथे दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा अवलंबून असतो.

तू लिहिलं होतंस की बँड ऑक्टोबरात अमेरिकेला येणार. मी तेव्हा खूश झाले होते, कारण मला वाटलं मिहीर तोवर घरी असेल. आता मला कसं विचारावं ते कळत नाही. शब्द पाळशील ना?

मावशी

*

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
९ ऑक्टोबर २००७

मावशी,

मी एक घोटाळा करून बसलो आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे.

इथे अमेरिकेत आमचा सगळा कार्यक्रम त्या गाण्याभोवती बांधला आहे. लोक तेच ऐकायला येतात. त्याआधी मॉरीन पाच मिनिटं बोलते, लढाईवर, इथल्या आणि आमच्या दोन्ही सरकारांवर. काल चर्चच्या हॉलमध्ये ती बोलत होती, सगळे अगदी शांत, आणि तिचं शेवटचं वाक्य संपताच मी उठून बाहेर गेलो. तार तुटायला मी काही तंबोरा वाजवत नाही, हे इतक्या दिवसांत सगळ्यांना कळलं आहे. अख्ख्या हॉलसमोर, दिव्याखाली, मी एकटा काळा माणूस चालत बाहेर. मागून एक जण टाळ्या वाजवू लागला. दुसरा त्याच्यावर ओरडला.

बाहेर एका छोट्या पेपरची बाई उभी होती. तिनं विचारलं, "वॉज दॅट अ प्रोटेस्ट?" मी म्हटलं, "इट्स पर्सनल. आय हॅव फॅमिली ओव्हर देअर." मला वाटलं, नाव घेतलं नाही म्हणजे झालं. आज सकाळी मथळा आला, की लढाईविरुद्ध गाणाऱ्या बँडमधला माणूसच गाणं सोडून उठला, कारण त्याच्या घरातलं कुणीतरी सैन्यात आहे. आणि ते आता इंटरनेटवर सगळीकडे फिरतं आहे. मी लढाईच्या बाजूचा झालो, मावशी! मी!

मॉरीनला वाटतं मी घाबरलो, नाहीतर फिरलो. "जे खरं ते सांग," एवढंच म्हणते. मला सांगता येत नाही. आम्ही इथून पूर्वेकडे निघतो. माझा मित्र केदार पिस्कॅटवेला असतो, त्याच्या पत्त्यावर लिही, खाली दिला आहे.

शंतनू

*

अल्फारेटा
१५ ऑक्टोबर २००७

शंतनू,

तुझं पत्र यायच्या आधीच रेडिओनं सांगितलं. काका गाडीत ऐकत होते. तो सकाळचा आरडाओरडा करणारा माणूस असतो ना, त्यानं तुझी बातमी वाचली आणि म्हणाला की त्या बँडमध्ये एकच खरा देशभक्त आहे आणि तो अमेरिकनसुद्धा नाही. तुझं नाव त्याला उच्चारता आलं नाही, हे नशीब.

काल मंडळाची कांचन बेसनाचे लाडू घेऊन आली. "सुहासिनीताई, तुमच्या भाच्यानं बरोबर नाक कापलं हो त्या लोकांचं!" लाडू घेतले, थँक्यू म्हटलं, आणि दार लावून तशीच उभी राहिले. मला इतकी लाज वाटली की काकांसमोर जेवले नाही. वाळवंटात कुंपणाबाहेर रडणारा माझा शंतनू, आणि त्याला असल्या लोकांनी खांद्यावर घ्यावं. आणि ते माझ्यामुळे.

पण तरीही मी सांगते आहे, धीर धर. थोडेच आठवडे राहिले आहेत. आता मोडलं तर इतके महिने सांभाळलं ते कशासाठी?

गेला आठवडाभर मिहीरचा फोन नाही. असं होतं कधीकधी, लाइन बंद ठेवतात.

मावशी

*

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
२२ ऑक्टोबर २००७

मावशी,

हे पत्र लिहू नये असं मिहीरनं मला सांगितलं आहे. तरी लिहितो.

फोन नाही तो लाइन बंद आहे म्हणून नाही. तो सुखरूप आहे, आधी ते वाच. त्यानं मला मेल केली. बातमी त्याच्यापर्यंत पोचली. त्यानं लिहिलंय, "यू टू, दादा?"

मावशी, मिहीर ते गाणं पहिल्यापासून ऐकतो. मी त्याला तो जायच्या आधीच पाठवलं होतं. तो आणि त्याचा एक मित्र एकेक इअरफोन कानात घालून ऐकायचे, एखादा मुलगा त्यांच्या हातून गेला की. तो लिहितो, तिथे सगळे त्याला 'हिरो' म्हणतात, घरचे 'वी आर प्राउड' म्हणतात, तू 'फाइन' म्हणतेस, आणि ते एकच गाणं होतं ज्यात कुणीतरी खरं बोलत होतं. त्यात माझी पेटी होती म्हणून त्याला बरं वाटायचं. आता त्यानं ते पुसून टाकलं. मी उत्तर लिहिलं, पण खरं कारण लिहिता आलं नाही, म्हणून ते त्याला खोटंच वाटलं असणार. त्याचं उत्तर नाही. तुला फोन केला तर आवाजावरून तुला कळेल, म्हणून तुलाही करत नाही, असं मला वाटतं.

मला त्याला सांगू दे. नाहीतर मला गाणं परत दे. दोन्हीपैकी एक.

बँडचं ठीक चाललं आहे, त्याची काळजी करू नकोस. चार नोव्हेंबरला रविवारी दुपारी अटलांटाला शेवटचा कार्यक्रम. येशील?

शंतनू

*

अल्फारेटा
२६ ऑक्टोबर २००७

शंतनू,

नाही.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मला राग आला, तुझा आला, त्याचा आला, मग स्वतःचा आला. तरी नाही. समज, मी तुला सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी दारावर कुणी आलं, तर मी काय करू? तू मला सांगशील की त्याचा याच्याशी संबंध नाही. मला ठाऊक आहे संबंध नाही. मी डॉक्टर आहे. पण त्या दारात मी डॉक्टर म्हणून उभी राहणार नाही.

त्यालाही सांगू नकोस. आई घाबरली आहे हे त्यानं तिथे बसून ऐकायचं नाही.

मी कार्यक्रमाला येणार नाही, फोन सोडून मी कुठेच जात नाही. काका येतील.

मावशी

*

४ नोव्हेंबर २००७, काकांच्या हाती

शंतनू,

सकाळी तुझ्या कॉलिनचा फोन आला. मी जवळजवळ ओरडलेच, लाइन सोडा म्हणून. तो बिचारा 'मॉशी, मॉशी' करत होता. त्यानं सांगितलं की मॉरीननं तुला निक्षून सांगितलं आहे, आज त्या गाण्याला बस नाहीतर जा, आणि तू जायचं ठरवलं आहेस. आजचा कार्यक्रम तुझा शेवटचा. तो मला विचारत होता, "डू यू नो व्हाय? ही वोंट टेल अस." सहा वर्षं शेजारी बसून वाजवतो तो तुझ्या, आणि रडत होता रे.

बँडचं ठीक चाललं आहे, असं तू मला लिहिलंस. मी मिहीरला इट्स फाइन म्हणते, तो मला म्हणतो, तू मला म्हणतोस. आपण सगळे एकमेकांना जपत जपत एकेकटे पडलो आहोत.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसले. मी देवाजवळ माझा मुलगा मागत होते, आणि त्याच्या कानात जे एक होतं, तेच काढून घेऊन बसले होते. बाहेरून त्याला कुणी मारो न मारो, आत तो आत्ता एकटा आहे, आणि हे मी केलं आहे.

शंतनू, मी खूप घाबरलेली आहे. पण वाजव. मी सोडवलं तुला. जे होईल ते माझ्यावर, तुझ्यावर काही नाही. आणि मिहीरला सगळं लिही, माझं नाव घालून. मॉरीनबाईंनाही सांग. स्टेजवरून सांगायचं असेल तर सांगू दे.

काका आत्ता निघताहेत. त्यांना वाचून दाखवलं. मग गाडीची किल्ली शोधायला गेले आणि ती हातातच होती.

मावशी

*

अटलांटा विमानतळ
५ नोव्हेंबर २००७

मावशी,

काका उशिरा पोचले. मॉरीनचं बोलणं चालू झालं होतं. मी पेटीचा भाता बंद करून उठायच्या बेतात होतो, तर मधल्या रांगेतून काका येताना दिसले, लोकांचे पाय तुडवत, सॉरी सॉरी म्हणत, हातात पाकीट. सरळ स्टेजपाशी आले. मॉरीन थांबली. सगळा हॉल बघत होता. मी खाली वाकून ते घेतलं आणि तिथेच वाचलं. हॉलमध्ये लोक खोकत होते.

मग मी मॉरीनच्या कानात सांगितलं. तिला 'सोडणं' म्हणजे काय ते सांगायला मराठीतही मला वेळ लागला असता. मी म्हटलं, माझा भाऊ तिथे आहे, त्याच्या आईनं मला हे गाणं तो येईपर्यंत सोडायला सांगितलं होतं, आणि आज ती ते परत देते आहे. आता मॉरीन माइककडे वळणार आणि सगळं सांगणार, असं मला वाटलं. तिनं माइक बाजूला सारला. "नॉट माइन टू टेल," म्हणाली. पहिल्यांदाच.

मी वाजवलं. सुरुवातीचा स्वर हलला. काका उभेच होते, त्यांना कुणीतरी खुर्ची दिली. गाणं संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती मान हलवली.

मिहीरला सकाळी मेल केली, सगळं लिहिलं. विमानाची वेळ झाली. मावशी, मीही घाबरलो आहे. काही कळलं तर लगेच कळव, मग फोनच कर.

शंतनू

*

अल्फारेटा
९ नोव्हेंबर २००७

शंतनू,

कालपर्यंत काहीच नव्हतं. चार दिवस मी रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी ऐकली. टपालवाल्यानं दारावर टकटक केली तेव्हा माझ्या हातातून पातेलं पडलं. वाटलं, घेतलास शब्द मागे, आता भोग.

आज सकाळी फोन वाजला. मिहीरच. मी नेहमीचा आवाज काढला. कसा आहेस, जेवतोस ना. त्यानं मला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, "मॉम, दादा टोल्ड मी. यू वर स्केअर्ड? ऑल धिस टाइम?"

माझ्या तोंडावर आलं होतं, नो नो, आय अ‍ॅम फाइन. जीभ वळलीसुद्धा होती.

मी म्हटलं, "हो."

शाळेत जायला लागल्यापासून तो माझ्याशी इंग्लिशच बोलतो. मी मराठीत विचारायचं, त्यानं इंग्लिशमध्ये सांगायचं, असंच आमचं वर्षानुवर्षं चालतं. आज म्हणाला, "मी पण, आई."

मग आम्ही दोघं रडलो. काका दुसऱ्या फोनवर होते, तेही. त्याला यायला अजून महिना आहे, आणि भीती होती तेवढीच आहे, तसूभर कमी नाही. फक्त आता ती आम्हा दोघांना माहीत आहे. त्याची वेळ संपत आली तरी तो फोन ठेवत नव्हता, आणि मीही ठेवत नव्हते. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, मी तो ऐकत बसले.

मावशी